पुंजारामचा डावा पाय

या दादा, टेका इथं. घाई असंल तर आत्ताच उठा, कारण मी सांगायला बसलो की एका चहात भागत नाय. नवी गाडी घ्यायचं चाललंय म्हणता ना तुमचं? ऑटोमॅटिक? मंग तर ऐकाच. आमच्या गारखेड्यात एका माणसानं तसलीच गाडी निवडली. त्यानं गाडी निवडली, का गाडीनं त्याला निवडलं, का दोघांना तिसऱ्याच कुणी निवडलं, ते शेवटाला तुम्हीच ठरवा.

पुंजारामची जमीन समृद्धी रस्त्यात गेली. सगळी नाय गेली, पण गेली ती मधोमध गेली. मोबदला आला. त्यात इथं शहरात, गारखेड्यात घर झालं, पोरगं रामकिसन पुण्याला नोकरीला लागलं, आन् उरल्या पैशांत गाडी घ्यायची ठरली. डबडी नाय, मागं ऐसपैस डिक्की असलेली लांबलचक सेडान. आकडा तेरा लाख. वर एक छदाम नाय.

पण गोष्ट पुंजारामची नाय. त्याच्या बायकोची हाय, द्वारकाबाईची.

द्वारकाबाईची थोरली बहीण वच्छलाबाई पाचोडला दिलेली. बीड रोडनं पन्नास किलोमीटर, म्हणजे काय लंका नाय. दर हिवाळ्यात तिचा फोन यायचा, "द्वारके, हुरडा धरलाय गं, ये." द्वारकाबाई नवऱ्याकडं बघायची. नवरा म्हणायचा, "उद्या जाऊ." आता ह्या पुंजारामचा उद्या असा, की तो उगवायच्या आत हुरड्याची ज्वारी व्हायची, ज्वारीची भाकर व्हायची आन् भाकर खाऊन जित्राबं झोपायची. एसटीनं जाते म्हणलं तर ह्याची इज्जत आडवी यायची. "लोक काय म्हणतील? पुंजारामची बायको एसटीत लटकती?" स्कूटीवर ती औरंगपुरा, शहागंज कुठंबी घुसायची, पण बीड रोडला ट्रक शेजारून गेला की स्कूटी पत्रावळीसारखी उडती. असे सात हिवाळे गेले.

आठव्याला तिनं बहिणीला फोनवर सांगून टाकलं, "अक्का, औंदा मी येते. स्वतः गाडी हाकत येते."

वच्छलाबाई एवढी हसली की फोन हातातून पडला म्हणं. "तू गाडी हाकत आलीस तर मी तुला वट्यावर बसवून ओवाळीन!"

"ताट घासून ठेव," द्वारकाबाई म्हणाली.

ती उगं बोलत नव्हती. शेजारी शैला नावाची बँकेतली बाई राहायची. तिच्याकडं बारकी ऑटोमॅटिक होती. पुंजाराम रोज चार वाजता पारावर गप्पा हाणायला गेला, की ह्या दोघी मैदानावर. शैला म्हणाली होती, "मावशी, तुमच्या स्कूटीसारखीच आहे. क्लच नाही, गेर नाही. दोनच पेडल, आणि तीही दोन्ही उजव्या पायानंच दाबायची." दोन महिन्यांत द्वारकाबाई तयार झाली. गुपचूप लायसन काढलं आन् ठेवलं कुठं? बाजरीच्या डब्यात. लग्नाला चौतीस वर्षं झाली, पुंजारामनं बाजरीचा डबा एकदाबी उघडला नव्हता.

आता फक्त गाडी ऑटोमॅटिक यायला पायजे होती. आन् पुंजारामनं तर आधीच हुकूम सोडला होता, "गाडी मी चालवणार. बाईमाणसाला स्कूटी दिली एवढं लई झालं."

पण हा गडी मुलखाचा उलटा. पूर्वेला चल म्हणलं की पश्चिमेला जायचा, हे बाईला लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच कळलं होतं. तिनं जेवताना खडा टाकला.

"अवो, गेरवालीच घ्या बरं. ते ऑटोमॅटिक नको."

"काऊन नको?"

"लई ताकद असती म्हणं त्यात. तुमचं वय झालं आता. झेपायचं नाय."

पुंजारामचा घास हातातच राहिला. "मला? अगं, मस्तीला आलेला खोंड नाकात बोट घालून बसवला मी! गाडी येईल तर ऑटोमॅटिकच येईल!"

"बघा बाई. मी आपलं सांगितलं," म्हणत तिनं मान खाली घालून वरण वाढलं. हसू आलं होतं ना.

दुसऱ्या दिवशी दोघं जालना रोडच्या एका शोरूमात गेली. तिथं वैजनाथ नावाचा पोरगा होता, गळ्यात टाय, लई अदबीनं बोलणारा. त्यानं तीन सेडान दाखवल्या. आता पुंजारामनं उभ्या जन्मात एकच खरेदी मन लावून केलेली, बैलांची. त्यानं गाड्यांना तोच दस्तूर लावला. लांबून चाल बघावी तसा एक फेरा मारला. डिक्कीवर थाप टाकली. खाली वाकून पोट बघितलं. पुढची जाळी बोटानं उचकून बघायला लागला, तवा वैजनाथ घाबरला.

"काका, काय बघताय?"

"दात."

पहिली गाडी काळी. इंजिनात ताकद अशी की उभ्या उभ्या फुरफुरायची. पुंजारामचा जीव तिच्यावर बसला, पण किंमत सोळा लाख. दुसरीला छपराला काच. रामकिसन पुण्याहून फोनवर तोंड दाखवत ओरडायला लागला, "बाबा, सनरूफवालीच घ्या! फीचर बघा तिचे!" पुंजाराम म्हणाला, "चौतीस वर्षं छप्पर गळू नये म्हणून झटलो, आन् आता पैसे देऊन भोक घेऊ?" शिवाय तिचं इंजिन मिळमिळीत. चाकं मोठी, छाती बारकी.

तिसरी पांढरी. ताकद बेताची पण खरी, सहा एअरबॅग, मागं बघायचा कॅमेरा. किंमत सगळं धरून तेरा लाख चाळीस हजार. द्वारकाबाईला ती बघताक्षणी पटली. म्हणून ती लगेच म्हणाली, "ही नको."

"हीच!" पुंजाराम गरजला. "पोरा, आण चावी."

गाडी चालवून बघायला निघाले. द्वारकाबाई "मला मागं मळमळतं" म्हणून पुढं बसली, वैजनाथ फायल घेऊन मागं. रविवार होता, त्यानं गाडी चिकलठाण्याच्या कारखान्यांतल्या रिकाम्या रस्त्याला नेली आन् पुंजारामला बसवलं.

"काका, डाव्या पायाला काही काम नाही. तो नुसता ठेवायचा."

"ठावं हाय रे."

गाडी निघाली. वीस पावलं लोण्यासारखी गेली. मंग समोर गतिरोधक आला आन् पुंजारामचा डावा पाय चाळीस वर्षांच्या सवयीनं उठला, क्लच समजून खाली आला, दाणकन, ब्रेकवर. गाडी जागच्या जागी थिजली. वैजनाथची फायल उडून पुढच्या काचेला लागली.

"काका! डावा पाय!"

"ट्रॅक्टर, जीप, सगळ्यावर राबलाय तो. आता रिकामा बसायला लाजतोय."

पुन्हा निघाले. पुन्हा दाणकन. तिसऱ्या खेपेला वैजनाथचा चष्मा गेला, तो द्वारकाबाईच्या मांडीवर सापडला. पुंजाराम लाल झाला. पण हार मानणारा गडी नव्हता. त्यानं खांद्यावरचा रुमाल काढला.

"लाथाड म्हशीचा पाय बांधतात का नाय धारेच्या वक्ताला? तसंच." आन् डावा पाय त्यानं सीटखालच्या दांडीला करकचून बांधला.

"काका, ती दांडी सीट मागं-पुढं..."

वैजनाथचं तोंडातलं तोंडात राहिलं. गाडी निघाली, डावा पाय सवयीनं उसळला, रुमालानं दांडी वर ओढली, आन् सीट सर्रकन मागं गेली. पुंजाराम पार वैजनाथच्या गुडघ्यावर. उजवा पाय पेडलापासून हातभर लांब, डावा दांडीला बांधलेला. हात सुटलेले. आन् गाडी? ऑटोमॅटिकचं काय असतं दादा, पायानं दाबा की नका दाबू, ती आपली मुंगीच्या पायानं पुढं सरकत राहती. समोर पेरूचा हातगाडा. गाडेवाली म्हातारी ताजव्यात पेरू टाकत होती, तिचं इकडं ध्यानच नाय.

"थांबव! अगं थांब! हो... हो... हो!" पुंजाराम गाडीला बैलासारखा हाकारत होता.

द्वारकाबाईनं एका हातानं गेरचा दांडा मोकळा केला, दुसऱ्यानं हँडब्रेक वर ओढला. कट्. गाडी हातगाड्यापासून वीतभर अंतरावर थांबली. म्हातारीनं मान वर केली, काचेतून द्वारकाबाईकडं बघितलं आन् म्हणाली, "हौ अम्मा, कित्ते किलो देऊ?"

 मंग पुंजाराम मागूनच, छताकडं बघत म्हणाला, "तुला कसं ठावं, काय ओढायचं ते?"

आता आली का पंचाईत! द्वारकाबाईला खोटं सुचलंच नाय. सकाळी निघताना डब्यातनं पाकिटात टाकलेलं लायसन तिनं काढून त्याच्या हातात दिलं. पुंजारामनं फोटो बघितला, बायकोचं तोंड बघितलं, पुन्हा फोटो बघितला.

"बाजरीचा वास येतोय ह्याला."

"डब्यात होतं."

"किती दिवस?"

"एक किलो बाजरी संपली."

परत येताना गाडी तिनंच चालवली. जालना रोडच्या गर्दीतनं, रिक्षांच्या मधनं. पोटातलं पाणी हाललं नाय. पण पुंजाराम खिडकीबाहेर बघत होता, गालफडं फुगवून. शोरूममधी येताच म्हणाला, "गाडी नको. कोणचीच नको. चल घरी."

 आता हा उठून गेला म्हणजे आठवा हुरडाबी गेला, आन् अक्का जन्मभर हसणार. द्वारकाबाईनं घटकाभर विचार केला. मंग त्याच्या पायाला अजून लोंबत असलेला रुमाल सोडून घेतला, झटकला आन् आपल्या उजव्या हातावर टाकला.

"घाला हात."

पुंजाराम चमकला. द्वारकाबाईचा बाप पाचोडच्या बैलबाजारात दलाल होता. तिथं भाव तोंडानं करत नायत. रुमालाखाली हात घालायचा, बोटं दाबून आकडा सांगायचा, बाहेर कुणाला कळू द्यायचं नाय. आन् रिवाज असा, की समोरच्यानं रुमाल टाकला तर पाठ फिरवायची नाय, अन् आत तुटलेला, म्हणजे ठरलेला, सौदा मोडायचा नाय. पुंजाराम सगळं मोडील, पण रुमाल नाय मोडणार.

तो खुर्चीवर बसला. रुमालाखाली हात घातला.

सौदा पैशाचा नव्हता. आठवड्यातले किती दिवस गाडी द्वारकाबाईच्या हातात, त्याचा होता. पुंजारामनं तिचं एक बोट दाबलं. एक दिवस. तिनं त्याची पाची बोटं धरली, सोडली, आन् वर दोन दाबली. सात. पुंजारामच्या कपाळाला आठी. त्यानं दोन दाबली. तिनं पुन्हा पाच आन् दोन.

वैजनाथ बिचारा टेबलापलीकडं उभा. त्याला बैलबाजार काय ठाव? त्याला एवढंच दिसत होतं, की दोन म्हातारी माणसं रुमालाखाली हात घालून, एकमेकांच्या डोळ्यांत बघत, तोंडं दगडासारखी करून बसलीत. त्याला वाटलं किंमत पटली नाय, गिऱ्हाईक चाललं. त्याला घाम फुटला.

"काका... मी मॅनेजरांशी बोलून येतो हं."

गेला, आला. "वीस हजार कमी होतील."

पुंजारामनं वळूनबी बघितलं नाय. तो तीनवर आला होता.

"बरं, चाळीस. तेरा लाखांत बसवतो. आता तरी हो म्हणा."

पुंजारामला तवा उमगलं. तो तोंड उघडणार, तेवढ्यात द्वारकाबाईनं रुमालाखाली त्याचा अंगठा करकचून दाबला. थांबा. अजून निघंल. पुंजारामनं तोंड मिटलं, लांब उसासा सोडला आन् भिंतीकडं बघत राहिला, जसं काय घरचा बैल गेलाय.

"पायातले मॅट फुकट," वैजनाथ म्हणाला.

उसासा.

"सीट कव्हर. आणि पहिली टाकी फुल! काका, याच्यापुढे माझी नोकरी जाईल हो!"

पुंजारामनं बायकोकडं बघितलं. ती रस्त्यावरची वाहनं मोजल्यासारखी बाहेर बघत होती, ओठ घट्ट दाबून. पुंजारामच्या मिश्या थरथरायला लागल्या. चौतीस वर्षांत तो बायकोवर असा खूष झाला नव्हता.

"द्वारके," तो हळूच म्हणाला, "तुझ्या बापानं बाजारात तुला बसवायला पायजे होतं."

"म्हणलं असतं तर बसले असते."

मंग रुमालाखाली काहीतरी झालं. किती बोटांवर तुटलं, ते दोघांनीबी आजवर कुणाला सांगितलं नाय. रुमाल निघाला तवा चावी द्वारकाबाईच्या हातात होती आन् पुंजाराम वैजनाथला विचारत होता, "पोरा, चहा पाजतोस का नाय?"

पंधरा दिवसांनी पांढरी गाडी पाचोडच्या शिवारात, वच्छलाबाईच्या मळ्यातल्या घरापाशी उभी राहिली. वच्छलाबाईनं खरंच वट्यावर पाट मांडला, ताट घासलेलं होतं. द्वारकाबाईला ओवाळलं, मंग गाडीला, आन् शेवटाला उरल्या कुंकवाचं बोट पुंजारामला लावलं. हुरडा कवळा होता, हिरवागार. पुंजाराम सगळ्यांना सांगत होता, "आम्ही डायव्हर ठेवलाय. पगार नाय, सुट्टी नाय, वर उलट बोलतो."

गाडी तोबी चालवतो बरं का. फाटकातनं अंगणात, अंगणातनं फाटकात. बाकीच्या वक्ताला शेजारच्या सीटवर ऐटीत बसतो. पण त्याचा तो डावा पाय काय ऐकत नाय. समोर जरा काय दिसलं की दाणकन खाली. फुकटात आलेल्या मॅटला त्या जागी आता भोक पडलंय.

तर दादा, गाडी तुम्ही कोणचीबी घ्या, तुमचा पैसा, तुमची अक्कल. माझं एवढंच मागणं हाय. कवा बीड रोडला पांढरी गाडी पुढं दिसली, काचेतनं बाईच्या डोक्यावरचा पदर दिसला आन् शेजारी रुमालाचं मुंडासं दिसलं, तर मागून हारन वाजवू नका. ती नाय घाबरत. त्या डाव्या पायाला जरा इसावा घेऊ द्या.