डावीकडं जाणारे बाण

मी एक जुनं धनुष्य आहे, धामणीच्या लाकडाचं. कोपरगावात याकोब आजोबांच्या पडवीत खुंटीला टांगलेला असतो. दोरी उतरवलेली असते, म्हणून पाहुण्यांना मी काठीच वाटतो. एकदा एका पाहुणीनं माझ्यावर ओला टॉवेल वाळत घातला. असो.

मित्रांनो, मला घडवलं आजोबांनीच. साखर कारखान्याच्या सुतारखान्यात त्यांची हयात गेली. त्यांची नात ग्लोरिया शाळेत तिरंदाजी शिकत होती आणि जिल्ह्याच्या निवड चाचणीसाठी तिला लाकडी धनुष्य हवं होतं. तीस मीटरवरून नेम धरायचा. निवड झाली तर राज्याच्या स्पर्धेला जायचं. पोरीला दुसरं काही सुचत नव्हतं.

घरापुढच्या रानात उसाच्या पाचटाचा भारा बांधून निशाण केलं. पहिला बाण डावीकडं गेला. दुसराही डावीकडंच. तिसरा तर शेजारच्या आक्काबाईंच्या दोडक्याच्या मांडवात घुसला.

"आवं, माणसं ऱ्हात्यात हितं!" आक्काबाई ओरडल्या.

"धनुष्य लई ताठ झालंय," आजोबा म्हणाले आणि त्यांनी रंधा उचलला. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ना, ते अंगण मी होतो. रंधा माझ्या पोटावरून फिरला, सालपटं पडली. बाण आणखी डावीकडं जाऊ लागले. आठवड्यानं पुन्हा रंधा फिरला आणि बाण त्याहून डावीकडं गेले. कारण मला ठाऊक होतं, पण लाकडाला विचारतो कोण?

बाण सरळ जातो असं तुम्हाला वाटतं. तसं नसतं, मित्रांनो. दोरीनं मागून रेटलं की तो आधी वाकतो, माझ्या अंगाला वळसा घालतो आणि मग सरळ होतो. आजोबांनी मात्र मोडायला नकोत म्हणून जाडजूड बांबूचे बाण निवडले होते. ते वाकायलाच तयार नव्हते, माझ्यावर आदळून बाजूला फेकले जायचे. मला तासलं तसा माझा जोर घटला, आणि माझ्यापुढं ते जास्तच ताठ ठरले.

चाचणीला चार दिवस उरले. आजोबा तिसऱ्यांदा रंधा घेऊन आले, तेव्हा ग्लोरियानं मला छातीशी धरलं.

"आजोबा, रंधा ठिवा खाली. आधी ह्यो बाण बघा."

तो बारीक बाण आजोबांनीच कुचकामी म्हणून बाजूला टाकला होता. तिनं तो सोडला. थेट मधोमध लागला.

"चुकून लागला आसंल," आजोबा म्हणाले.

तिनं तोच बाण पाच वेळा मारला. पाचही वेळा मधोमध.

आजोबांनी रंधा खाली ठेवला. मग त्यांनी फळीवर दोन खिळे ठोकले, त्यांवर तो बाण आडवा ठेवला आणि मध्ये किलोचं वजन टांगलं. बाण अंगठ्याच्या रुंदीइतका वाकला. जाडे बाण जेमतेम हलले. मग घरातला सगळा बांबू धुंडाळून दोघांनी त्या बाणाइतकेच वाकणारे आणखी पाच बाण तयार केले.

ग्लोरियाची निवड झाली. मी तिच्या हातात होतो, हे सांगताना मला अजून बरं वाटतं. घरी आल्यावर आजोबांनी माझ्या पोटावरून अंगठा फिरवला.

"लई तासलं रं तुला. चूक माजीच हुती."

मला भरून आलं, खोटं कशाला बोलू? पण गेलेला जोर परत येणार नव्हता. पोरीच्या दंडात बळ आलं आणि पुढच्या वर्षी मी तिला पुरलो नाही.

आजोबांनी नवं धनुष्य केलं. त्याचाही पहिला बाण डावीकडं गेला. मी खुंटीवरून बघत होतो. आजोबांचा हात रंध्याकडं गेला आणि थांबला.

"ग्लोरी," त्यांनी हाक मारली, "किलोचं वजन आन गं."

मित्रांनो, माझ्यावर टॉवेल वाळत घातलात तरी चालेल. पण तुमच्या घरात, वर्गात कुणी सारखं चुकत असेल, तर त्याला तासायला घेण्याआधी त्याला बाण कोणता दिलाय तेवढं बघा. निघालेलं सालपट परत चिकटत नाही.