उत्तर वेळेवर यायला हवं

दूध उतू जाऊन शेगडीभर पसरलं, आणि मग बाहेरच्या खोलीतला कॉम्प्युटर म्हणाला, "अहो, दूध बघा!"

लिफ्टवाले तोवर फडकं घेऊन ओट्यापाशी पोचले होते. "बघितलं," ते म्हणाले. "अगदी जवळून बघितलं."

बाहेर येऊन पाहतात तर त्यांची बायको कीबोर्डपुढे बसून खांदे गदगदा हलवत हसत होती. हसण्याचा आवाज नव्हता. गळ्याभोवती गुंडाळलेला सुती रुमाल तेवढा हलत होता. घशाच्या ऑपरेशनात तिचा आवाज गेला, त्याला आता बरेच महिने झाले होते.

आयुष्यभर ती बसवर कंडक्टर होती. सगळा डेपो तिला कंडक्टरबाई म्हणायचा, आणि लिफ्टची दुरुस्ती-तपासणी करणाऱ्या तिच्या नवऱ्याला लिफ्टवाले. गर्दीच्या बसमध्ये शेवटच्या बाकावरच्या माणसाने कुरकुर केली की पुढच्या दारातून तिचं उत्तर यायचं आणि अख्खी बस हसायची. कुरकुर करणारासुद्धा हसायचा. हे उत्तर देण्याचं कसब तिच्या जिभेत होतं तितकंच वेळेत होतं. समोरच्याचं तोंड मिटायच्या आत ते पोचायला हवं.

लेक दूरच्या शहरात कॉम्प्युटरचंच काम करायची. तिने आईचे फोनवरचे जुने निरोप गोळा केले आणि त्या आवाजात बोलणारा एक प्रोग्रॅम घरच्या कॉम्प्युटरवर बसवून दिला. आई टाइप करणार, कॉम्प्युटर आईच्या आवाजात बोलणार. निरोप बहुतेक सगळे रागावण्याचेच होते. त्यामुळे कॉम्प्युटरने "चहा टाकू का?" असं विचारलं तरी दटावल्यासारखं वाटायचं. पण आवाज तिचा होता. फोनमधला तयार आवाज तिने एकदा ऐकला होता आणि बोलण्यासाठी हाताशी ठेवलेल्या पाटीवर लिहिलं होतं, 'ही बाई कोण आमच्या घरात?'

अडचण एकच होती. टाइप झाल्यावर कॉम्प्युटर विचार करत बसायचा. तेवढ्यात बोलणं पुढे सरकलेलं असायचं, दूध उतू गेलेलं असायचं.

आणि रविवारी डेपोतली मंडळी तिचा निरोपसमारंभ करायला घरी येणार होती. त्यात तिच्या बसचा ड्रायव्हरही होता. त्याच्या आणि तिच्या जुगलबंदीवर प्रवाशांचा रस्ता सरायचा.

तिने पाटी उचलली. 'रविवारी मी नुसती मान हलवणार. उशिरा आलेल्या विनोदाला लोक दयेने हसतात. ते मला नको.'

लिफ्टवाल्यांनी पाटी वाचली, ओलं फडकं पिळून दोरीवर टाकलं आणि म्हणाले, "रविवार लांब आहे."

*

"बाबा, नवीन कॉम्प्युटर घेऊन टाकू ना," लेक फोनवर म्हणाली.

"लिफ्टचं दार उशिरा मिटतं म्हणून कोणी नवी लिफ्ट बसवतं का? आधी ही किती चालते ते बघू. तू सांग, मी करतो. फक्त सावकाश सांग, तुझ्या आईसारखी ओरडू नकोस."

"मी कुठे ओरडतेय?"

"आत्ता ओरडलीस की."

कॉम्प्युटर चालू होताना एक बटण दाबून धरलं की सेटिंगचा एक पडदा उघडतो. तिथे आतल्या भागांचे वेग आणि त्यांना मिळणारं वोल्टेज दिसतं, आणि बदलताही येतं. आधी दोघांनी प्रोसेसरचा वेग एक पायरी वाढवला. हिशेब करणारा भाग तोच, तेव्हा तो पळाला की सगळं पळेल, असं लिफ्टवाल्यांना वाटलं. कॉम्प्युटर परत चालू केला. बायकोने टाइप केलं. उत्तराला जवळजवळ तितकाच वेळ लागला.

"असं बघा बाबा," लेक म्हणाली, "स्वयंपाक करणारा कितीही झटपट असला तरी सामान आणून देणाऱ्याने रमतगमत आणलं तर काय होईल?"

"हात चोळत बसेल."

"तुमचा प्रोसेसर तेच करतोय. सामान आणून देणारी ती मेमरी. आपला हा प्रोग्रॅम बोलायच्या आधी मेमरीतून ढीगभर सामान मागतो. बॉक्स उघडा, त्या दोन उभ्या पट्ट्या दिसतात ना? त्यांच्यावर काय लिहिलंय?"

कॉम्प्युटर बंद करून, वायर काढून, चष्मा कपाळावर ढकलून लिफ्टवाल्यांनी वाचलं. "छत्तीसशे. आणि खाली, एक पॉइंट तीन पाच वोल्ट."

"आता परत चालू करा आणि पडद्यावर बघा, किती दाखवतोय?"

"एकवीसशे तेहतीस. एक पॉइंट दोन वोल्ट." लिफ्टवाल्यांनी चष्मा नीट करून आकडा परत वाचला. "म्हणजे घेतल्यापासून ही जवळजवळ अर्ध्या वेगानं चालतेय?"

"कुणी सांगितल्याशिवाय ती पूर्ण वेगाने जात नाही. सगळ्यांच्याच कॉम्प्युटरवर चालेल असा सावध वेग धरून बसते. पट्टीवर लिहिलेला वेग हवा तर तिथे एक सेटिंग चालू करावं लागतं. मग वेगही वाढतो आणि तेवढा वेग पेलायला लागणारं वोल्टेजही मिळतं. ते मी तेव्हा केलंच नाही. माझंच चुकलं."

बायको शेजारी उभी राहून ऐकत होती. तिने पाटीवर लिहिलं, 'म्हणजे इतके दिवस गाडी दुसऱ्याच गिअरमध्ये!'

सेटिंग चालू केलं. तिने टाइप केलं आणि बटण दाबलं. लिफ्टवाल्यांनी श्वास आत घेतला, सोडला, आणि आवाज आला, "आता जरा माणसात आले मी."

खूप फरक पडला होता. दूध वाचलं असतं. पण जुगलबंदीला तो एक श्वास अजून जास्तच होता. आणि लिफ्टवाल्यांच्या अंगात एक खोड होती. हाती घेतलेलं काम जवळजवळ झालं की त्यांना झोप लागत नसे.

दुसऱ्या दिवशी लेक ऑफिसला गेल्यावर त्यांनी मेमरीचा वेग थेट चार हजारांवर नेला. कॉम्प्युटर उठेचना. पंखा फिरतोय, पडदा काळा. दोन-तीनदा स्वतःच धडपडून तो शेवटी जुन्या वेगावर परत आला. "शाबास," लिफ्टवाले म्हणाले. दोर तुटला तर स्वतःच रुळांना पकडणारी लिफ्ट त्यांना आवडायची, तसंच हेही आवडलं. मग त्यांनी वेग अडतीसशे केला आणि वोल्टेज थोडं चढवून एक पॉइंट चारवर ठेवलं. कॉम्प्युटर उठला. त्यांनी टाइप केलं, 'ऐकू येतंय का?'

"ऐकू येतंय का?" श्वास पुरा व्हायच्या आत.

पुन्हा केलं. पुन्हा तसंच. त्यांनी बायकोला हाक मारली. "अगं, ये. झालं काम."

*

शनिवारी सकाळी बायको तयारीला बसली. ड्रायव्हर काय काय टोमणे मारेल ते तिला पाठ होतं. ती लांबलचक, ठसकेबाज उत्तरं टाइप करत होती आणि कॉम्प्युटर झटक्यात बोलत होता. लिफ्टवाले स्टुलावर बसून ऐकत होते आणि मधेच स्वतःच्या गुडघ्यावर थाप मारत होते.

एका वाक्याच्या मध्यावर आवाज फाटला.

शब्द ओळखू येत होते, पण खाली घसरत, खरखरत, जागोजागी तुटत येत होते. शेवटचा शब्द तर नुसता वाऱ्यासारखा गेला. दोघांनीही तो आवाज आधी ऐकला होता. ऑपरेशनच्या आधीच्या दिवसांत ती अशीच बोलायची.

तिने हात पुढे केला आणि कॉम्प्युटरचं बटणच बंद केलं. मग उठून बाल्कनीत गेली आणि वाळत घातलेले कपडे, ओले होते तरी, काढू लागली.

लिफ्टवाल्यांच्या कामाचा पहिला नियम होता की रिकामी लिफ्ट वरखाली करून पास करायची नाही. आत वजनं भरायची, लिहिलेल्या भारापेक्षा जास्त भरायची, आणि मग बघायचं. शिकाऊ पोरांना हे त्यांनी इतकी वर्षं घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं होतं. आणि बायकोच्या आवाजाच्या बाबतीत मात्र 'ऐकू येतंय का' एवढं रिकामं वाक्य दोनदा पाठवून त्यांनी लिफ्ट चालू केली होती.

त्यांनी लेकीला फोन लावला. सगळं सांगितलं, अडतीसशेसुद्धा. तिने रागवायचं टाळलं. मेमरीत एकेक गोष्ट ठेवून ती जशीच्या तशी परत मिळते का हे सतत तपासणारा प्रोग्रॅम तिने तिकडूनच लावून दिला. पाणी पिऊन येईतो पडद्यावर लाल ओळी उमटू लागल्या.

"प्रत्येक लाल ओळ म्हणजे एक चूक बाबा. ठेवलं एक, परत दिलं भलतंच. वोल्टेज अजून चढवलं तर कदाचित धरेल. पण पट्ट्या तापतील. आणि आज धरलं तरी उद्या गर्दीत, उकाड्यात धरेलच असं मी नाही सांगू शकत."

"चढवून बघू या," लिफ्टवाले म्हणाले. "अजून दिवस आहे हातात."

पाटी त्यांच्या आणि पडद्याच्या मध्ये आली. बायको कपडे टाकून कधी आत आली ते त्यांना कळलं नव्हतं. 'ती खरखरणारी बाई परत नको. थोडी उशिरा चालेल, पण मी हवी.'

"अगं, पण तो एक श्वास..."

तिने पुसून लिहिलं, 'तो माझ्याकडे द्या.'

"म्हणजे काय करणार?"

ती आत गेली. कपाट उघडल्याचा, डबा सरकल्याचा आवाज आला.

लिफ्टवाल्यांनी वेग छत्तीसशेवर आणला, वोल्टेज पट्टीवर लिहिलेलं ठेवलं, आणि या वेळी लिफ्ट वजनं भरून चालवली. तपासणी दिवसभर चालू राहिली. खिडकीतून ऊन आत आलं, कॉम्प्युटरवर पडलं, तरी त्यांनी खिडकीचा पडदा ओढला नाही. उद्या उकडणारच होतं. जेवणं झाली, चहा झाला. दिवसभर घरात फक्त पाटीवरचा खडू बोलत होता. दिवेलागणीला त्यांनी पडद्यावरून नजर फिरवली. एकही लाल ओळ नव्हती.

*

रविवारी दुपारी खोली भरली. खुर्च्या पुरल्या नाहीत, काहीजण दाराच्या चौकटीला टेकून राहिले. डेपोतल्यांनी आणलेला हार कंडक्टरबाईंच्या गळ्यातल्या रुमालाला लागू नये म्हणून त्यांच्या हातात दिला गेला. सगळे जरा जास्तच हळू, जपून बोलत होते. आजाऱ्याच्या घरी बोलतात तसं.

ड्रायव्हरलाच ते सहन झालं नाही.

"बाईंना एकदा मी स्टँडवर विसरलो होतो," तो मोठ्याने म्हणाला. "या खाली उतरून कुणाशी तरी भांडत होत्या. मी आपली गाडी काढली. चार स्टॉप गेलो! काय शांतता होती हो गाडीत. एक माणूस बोलेल तर शपथ. माझ्या नोकरीतली सगळ्यात सुखाची फेरी ती!"

लोक हसले. मग सगळ्यांच्या नजरा कंडक्टरबाईंकडे गेल्या आणि तितक्याच पटकन दुसरीकडे वळल्या. कोणीतरी विषय बदलायला तोंड उघडलं.

टिक. टिक. टिक. टिक.

बाईंच्या डाव्या हातात तिकिटाला भोकं पाडायचा जुना पंच होता. त्या तो टेबलाच्या कडेवर आपटत होत्या, बसच्या दांड्यावर आपटायच्या तसा. तिकीट काढायचं राहिलंय का कुणाचं, असं विचारणारी ती टिकटिक. खोलीतले सगळेजण सवयीने गप्प झाले. दारातल्या एकाचा हात खिशाकडे गेला. उजव्या हाताची बोटं कीबोर्डवर पळत होती. त्यांनी बटण दाबलं. पंच चालूच होता. लिफ्टवाल्यांनी श्वास आत घेतला.

"शांतता कसली?" कंडक्टरबाईंचा आवाज खणखणीत आला. "फुकट बसले होते, म्हणून गप्प होते!"

ड्रायव्हर आधी हसला. खुर्चीचा हात धरून, डोळे पुसत हसला. मग सगळी खोली हसली, आणि ते हसू दयेचं नव्हतं. लिफ्टवाल्यांना आत्ता आठवलं की श्वास सोडायचा राहिलाय.

त्यानंतर कुणी जपून बोललं नाही. ड्रायव्हर टोमणा मारायचा, पंच वाजायचा, खोली थांबायची, आणि उत्तर यायचं. कधी जरा उशीर झाला तरी पंच वाजतोय तोवर कुणी हलत नव्हतं.

ऊन उतरल्यावर मंडळी निघाली. ड्रायव्हर सगळ्यात शेवटी राहिला. चपला घातल्या, दोन पायऱ्या उतरला आणि तिथेच थांबला. पाठ दाराकडे, हात कठड्यावर. त्याला काहीतरी म्हणायचं असावं, पण तो वळला नाही.

"चला की आता," लिफ्टवाले हळूच म्हणाले.

तो हलला नाही.

कंडक्टरबाई आतून उठून दाराशी आल्या. कॉम्प्युटर मागे खोलीत राहिला होता. त्यांनी दाराच्या चौकटीवर पंच दोनदा वाजवला.

टिक. टिक.

ड्रायव्हरने मान डोलावली आणि इतकी वर्षं त्यांची डबल बेल मिळाली की निघायचा तसाच, मागे न बघता निघाला.