टँकरपुढचा माणूस

चार महिने झाले, तरी दोघांमध्ये कामापुरतंही धड बोलणं नव्हतं. प्रतापराव ॲसिडचा टँकर चालवायचे आणि एकनाथराव शेजारच्या सीटवर तोंड खिडकीकडे करून बसायचे. वर्षभरापूर्वी एकनाथरावही ड्रायव्हरच होते. दोघांची गावं नांदेडकडची, दोघांचे डबे एकत्र उघडायचे. मग एकदा एकनाथरावांनी भरलेला टँकर खाली येणाऱ्या रेल्वे फाटकाखालून काढला आणि फाटकाचा दांडा मोडला. चौकशीत ते म्हणाले, फाटक उघडं होतं. मागच्या टँकरवर प्रतापराव होते. त्यांना विचारलं, तेव्हा त्यांनी पाहिलं ते सांगितलं. एकनाथरावांचं धोकादायक मालाचं लायसन गेलं. कंपनीने नोकरी ठेवली, पण क्लीनर म्हणून. आणि माणसं कमी म्हणून बसवलं नेमकं प्रतापरावांच्याच गाडीत. वयाच्या बावन्नाव्या वर्षी.

हैदराबादेत कुकटपल्लीच्या पुढे गोदामांच्या वस्तीत मालगाड्यांची एक लाइन रस्ता कापून जाते. तिथे फाटक नाही, फाटकवाला नाही. अशा ठिकाणी टँकर थांबवायचा, क्लीनरने उतरून रुळांपर्यंत जायचं, दोन्हीकडे बघायचं आणि त्याने हात दाखवला की मगच गाडी पुढे घ्यायची, असा नियम. दिवसातून चार वेळा प्रतापराव एकनाथरावांच्या हाताकडे बघत बसत. आणि एकनाथराव त्यांना बसवून ठेवत. लाइन रिकामी असली तरी रुळांच्या मधोमध उभे राहून गुटखा चघळत, पंजा समोर धरून, पाच पाच मिनिटं. मागे गाड्या तुंबत. शिव्या प्रतापरावांना पडत.

त्या मंगळवारी दुपारी तेच चाललं होतं. एकनाथराव पलीकडे उभे, पंजा समोर. मागून हॉर्नचा नुसता कल्लोळ. एका मोटारीतून एक जण उतरला आणि टँकरच्या दारावर थपडा मारत ओरडला, "अरे चाचा, सो गए क्या? निकालो ना गाडी!"

"लाइन बघायलाय माणूस," प्रतापराव म्हणाले.

"कायकू झूट बोलते? वो तो खाली खडा है!"

माणूस नुसताच उभा होता, तेही खरंच दिसत होतं. प्रतापरावांनी खिडकीतून हाक मारली, "एकनाथराव, बस करा आता!"

एकनाथरावांनी पंजा आणखी वर केला.

प्रतापरावांच्या डोक्यात तिडीक गेली. चार महिन्यांची तिडीक होती ती. त्यांनी गिअर टाकला. एकनाथराव दोन्ही हात पसरून पुढे धावले, काहीतरी ओरडले, हॉर्नमध्ये ऐकू आलं नाही. पुढची चाकं रुळांवर चढली तेव्हा गोदामाच्या भिंतीआडून मालगाडीचा डबा बाहेर आला. इंजिन मागे होतं, ते डबे ढकलत होतं. म्हणून ना आवाज, ना शिटी. एकनाथराव उभे होते तिथून भिंतीपलीकडचं दिसत होतं. प्रतापरावांना नाही.

त्यांनी ब्रेक दाबला. गाडी बंद पडली, बरोबर रुळांवर. हात किल्लीकडे जाईना. पाठीमागे सोळा टन ॲसिड आणि बाजूने हळूहळू, पण न थांबता, मोठा होत येणारा डबा.

दार उघडलं. "सरका!" एकनाथरावांनी त्यांना खांद्याने अक्षरशः पलीकडच्या सीटवर लोटलं, गाडी सुरू केली आणि टँकर ओढून पार केला. मागून डबा वीतभर अंतराने गेला. एकनाथरावांनी गाडी कडेला लावली, खाली उतरले आणि तिथे उभ्यानेच, मोजक्या शब्दांत, प्रतापरावांच्या आईबापाचा उद्धार केला.

मालगाडीवाल्यांनी टँकरचा नंबर कळवला होता. चार वाजता दोघं ऑफिसात उभे होते. सुरक्षा अधिकारी अनुराधा मॅडमनी आधी प्रतापरावांना विचारलं.

"यांनी थांबा म्हणून हात दाखवला होता, मी ऐकलं नाही. चूक माझी," प्रतापराव म्हणाले.

"आणि रुळांवरून गाडी कुणी काढली?"

लायसन नसताना भरल्या टँकरच्या स्टिअरिंगला हात लावला तर नोकरी जाते, हे यार्डात सगळ्यांना ठाऊक होतं. प्रतापरावांनी एकनाथरावांकडे न बघता सांगितलं,

"मीच."

"झूट," एकनाथराव म्हणाले. "मी काढली."

अनुराधा मॅडमनी पेन खाली ठेवलं. "याचा अर्थ कळतो ना तुम्हाला?"

"हौ. लिहा." मग चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी प्रतापरावांच्या डोळ्यांत बघितलं. "मागच्या वर्षी हे एक खोटं जमलं नाही तुम्हाला. आज बरं जमायलं? मला तुमचा एहसान नको."

एकनाथरावांना त्याच आठवड्यात काढलं. प्रतापरावांचं लायसन सहा महिन्यांसाठी काढून घेतलं. त्यांना यार्डात टायर तपासायला ठेवलं.

महिनाभराने ते काचीगुड्याला एकनाथरावांच्या घरी गेले. पेढे वगैरे काही नेले नाहीत, नुसतेच गेले. दार भामावहिनींनी उघडलं. कधीकाळी प्रतापरावांच्या डब्यात भाकरीबरोबर ठेचा त्याच पाठवत.

"वहिनी, एकनाथराव आहेत का?"

"आहेत. पण त्यांनी सांगून ठेवलंय, तुम्ही आलात तर पाणीसुद्धा द्यायचं नाही."

"त्यांनी माझा जीव वाचवला, वहिनी. तेवढं सांगायचं होतं."

"त्यांना ठाऊक आहे," भामावहिनी म्हणाल्या. "त्याचाच त्यांना जास्त राग येतो. आणि खरं सांगू का भाऊजी, मला पण येतो."

त्यांनी दार आपटलं नाही. सावकाश लावलं आणि आतून कडी घातली. प्रतापराव जिना उतरून रस्त्यावर आले आणि बस स्टॉपकडे चालू लागले.