लाल ठिपक्याचा पेनड्राइव्ह

मित्रांनो, मी एक जुना पेनड्राइव्ह आहे. टोपण कधीच हरवलं, पाठीवर नेलपॉलिशचा लाल ठिपका आहे. माझी पहिली वर्षं मला आठवत नाहीत. मी पुसला गेलो आहे. तेव्हा पुढचं थोडंफार ऐकीव समजा.

माझी मालकीण घरातल्या पुढच्या खोलीत संगणक दुरुस्त करते. बंद पडलेला संगणक सुरू करायला तिला खास तयार केलेले पेनड्राइव्ह लागतात. ते तयार करणारा प्रोग्रॅम अगदी चिमुकला. बसवावाही लागत नाही, उघडला की कामाला तयार. फक्त पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं तो पुसून टाकतो. म्हणून जे पुसले तरी चालतील, त्यांच्यावर ती लाल ठिपका द्यायची.

माझ्यावर तिच्या वडिलांचा रेकॉर्ड केलेला आवाज होता. आईची नजर अधू, म्हणून ते तिला पेपर वाचून दाखवत. ते गेल्यावर आई रोज दुपारी त्याच शिळ्या बातम्या ऐकायची. मी हरवू नये म्हणून तिने लेकीचीच नेलपॉलिशची बाटली घेऊन मला ठिपका दिला.

एका सकाळी कामाची घाई होती. मालकिणीने टेबलावरून मला उचललं. ‘सगळं पुसलं जाईल. चालेल?’ प्रोग्रॅमने विचारलं. तो नेहमीच विचारतो. तिने न वाचता ‘हो’ दाबलं. मला दुखलं नाही.

दुपारी आई म्हणाली, “अगं, माझा पेपरवाला कुठाय?”

“कुठला पेपरवाला?”

“लाल टिकलीचा गं. मीच लावली, हरवायला नको म्हणून.”

लेकीने मला उलटं करून ठिपका पाहिला. “आई, मी पुसला तो.”

“मग परत लिही की.”

दोन दिवस खटपट करून माझ्यातून सहा सेकंद निघाले. आईने कान लावला. घसा खाकरल्याचा आवाज, मग “हं, ऐक गं...” आणि संपलं.

“पुरे,” आई म्हणाली. “पुढचं मला पाठ आहे.”

ते सहा सेकंद आता तीन ठिकाणी जपून ठेवलेत. माझ्यावर नाहीत. मी बंद संगणक सुरू करतो, लोक वाहवा करतात, मला काही वाटत नाही. मालकीण आता तो प्रश्न दर वेळी मोठ्याने वाचते आणि आतल्या खोलीतून आईचं “हो” आलं, तरच पुढे जाते.

मित्रांनो, तुम्हीही वाचा. घरात विचारा. आम्हाला विचारून उपयोग नाही. आम्ही कशालाही जागा देतो.