सहावर एक

राजेशमला नोंदी ठेवायचं भारी वेड. शेत सगळं मिळून दीड एकर, पण वही बघावी तर एखाद्या संस्थानाची वाटावी. शेणखत किती गाड्या पडलं, तण कुणी काढलं, तळ्याचं पाणी कधी सुटलं, सगळं त्यात. त्याची बायको मल्लव्वा म्हणायची, "आमचं पीक वहीतच येतं. उरलंसुरलं शेतात."

यंदा मात्र तिचाही जीव त्या वहीत अडकला होता. शेजारशेजारची दोन सारखी खाचरं. एकात राजेशमने बाजारचं नवं बी लावलं, दुसऱ्यात मल्लव्वाने आईकडून आणलेलं तांबडं भात. ज्याची पोती जास्त भरतील, पुढच्या सालापासून दोन्हीकडे त्याचंच बी, असं गावच्या बीजमंडळाच्या वीरय्यासमोर ठरलं होतं. तांबडं बी आता गावात दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. पेरायचं थांबलं की संपलं.

खळ्यावर मापं सुरू झाली. पोतं भरलं की राजेशम मोठ्याने पुकारायचा आणि लगेच आकडा लिहायचा. पहिल्या पोत्याला आमच्याकडे एक म्हणत नाहीत, लाभम् म्हणतात. आणि सातव्याला सात तर मेलं तरी म्हणायचं नाही. आमच्या तेलुगूत सात म्हणजे एडु, आणि एडु म्हणजे रड! भरल्या राशीपुढे असलं अभद्र कोण बोलेल? म्हणून सहावर एक म्हणायचं. राजेशम तर इतका कट्टर, की लिहितानासुद्धा सात काढायचा नाही. सहा लिहून शेजारी एक.

नव्या बियाण्याची पोती आठ झाली. तांबडं सहावर एकाशी येऊन थांबलं. मल्लव्वाने खळं पुन्हा झाडून काढलं. मातीसकट ओंजळभर दाणे निघाले, तेवढ्याने काय होणार? तिला फार वाईट वाटलं.

राजेशम मिशीत हसला. "तुझी आई गोड होती गं, पण पिकवायची कमीच."

तेवढ्यात वीरय्या मंडळाची चार माणसं घेऊन आला आणि चष्मा चढवून वही वाचू लागला.

"नवं बी, आठ पोती. तांबडं बी..." त्याने चष्मा पुसला. "एकसष्ट?"

"काय?" राजेशम दचकला.

"अर्ध्या एकरात एकसष्ट पोती! अक्का, काय खत घातलं, आम्हालाही सांगा की."

"अरे, ते एकसष्ट नाही. सहावर एक आहे!"

वीरय्याही याच मातीतला, त्याला कळत नव्हतं थोडंच! पण अशी मजा कोण सोडतो?

"मंडळाला कोडी चालत नाहीत, अन्ना. आकडा तोंडाने सांग, दुरुस्त करतो. नाहीतर एकसष्ट पक्के. अक्का जिंकली."

राजेशमने राशींकडे पाहिलं. पोती अजून खळ्यावरच होती. "घरी गेल्यावर सांगतो."

"सांगा की आत्ताच," मल्लव्वा पदर खोचून म्हणाली. "तोंडात काय घास धरलाय?"

राजेशमने देवाचं नाव घेतलं, डोळे गच्च मिटले आणि तिच्या पोत्यांकडे बोट दाखवायला गेला. बोट गेलं नेमकं तिच्याकडे.

"एडु!"

रड म्हटल्याबरोबर मल्लव्वाने भोकाड पसरलं. लग्न झाल्यापासून नवऱ्याचं तिने इतक्या तत्परतेने कधी ऐकलं नव्हतं. सुरुवात सोंगाचीच होती. पण मध्येच आईच्या हातची तांबड्या तांदळाची पेज आठवली, आणि डोळ्यांना खरंच धार लागली.

राजेशम हात जोडत पुढे धावला. "अगं, गप! राशीपुढे रडतेस? दाणा टिकायचा नाही घरात! वीरय्या, सांग ना हिला!"

"तूच रड म्हणालास, अन्ना. आम्ही सगळ्यांनी ऐकलं."

"लावू गं, लावू तुझं तांबडं!"

"दोन्हीकडे?" हुंदक्यातून आवाज आला.

"एका खाचरात."

रडणं दुप्पट झालं.

"दोन्हीकडे, बाई, दोन्हीकडे!"

मल्लव्वाने डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि वीरय्याकडे वळली.

"ठरलं ते लिहून घे. आणि ते एकसष्ट आधी खोड. खोटं कशाला? सहावर एकच झाली."