ऑसबर्टचं खरवडलेलं पान

२००६ च्या हिवाळ्यात विभावरी जर्मनीत, येनातल्या एका प्रयोगशाळेत पीएचडीच्या शेवटच्या वर्षाला होती. जुन्या चर्मपत्रांवरची खरवडून पुसलेली अक्षरं अतिनील प्रकाशात वाचायची, हा तिचा विषय. जानेवारीत एका मठाच्या संग्रहातून एक इंग्लिश प्रार्थनापुस्तक आलं. सोबत इतिहासाच्या अभ्यासक फ्राउ लिंडनर आल्या. साठीच्या बाई, तोंडात सतत खोकल्याची गोळी.

"हे बिशप ऑसबर्टचं," त्या म्हणाल्या. "राजा नऊ वर्षांचा असल्यापासून यानं त्याला वाचायला शिकवलं. तो मोठा झाल्यावर हा त्याचा चॅन्सेलर झाला. बारा वर्षं राजमुद्रा याच्या हातात होती. मग राणी आणि सरदार राजावर उलटले, तेव्हा हाही तिकडे गेला. कैदेतल्या राजाकडे मुकुट सोडण्याचा कागद घेऊन कोणाला पाठवायचं? राजाचा ज्याच्यावर विश्वास, त्यालाच."

"आणि राजानं काय केलं?"

"शिक्का दिला. महिनाभरात तो किल्ल्यातच मेला. ऑसबर्टला आणखी मोठं बिशपपद मिळालं. तर असं ते."

विभावरीनं खोली अंधारी करून अतिनील दिवा लावला. पान निळसर उजळलं आणि प्रार्थनेच्या ओळींमधून दुसऱ्याच ओळी काळसर वर आल्या. फ्राउ लिंडनर स्क्रीनवर वाकल्या आणि अडखळत अर्थ सांगू लागल्या. "त्यानं विचारलं, मी जगेन ना? मी म्हटलं, शिक्का द्या, तुम्हाला काही होणार नाही. तेव्हा मला ठाऊक होतं."

'काही होणार नाही' हे मधलं वाक्य विभावरीला मराठीत ऐकू आलं होतं, तेही स्वतःच्याच आवाजात.

सिद्धेश सांगलीचा, तिच्याआधी तीन वर्षं याच प्रयोगशाळेत आलेला. पहिल्या दिवशी तिला स्टेशनवर घ्यायला तोच आला. आउसलेंडरबेहोर्डच्या, म्हणजे परदेशी लोकांच्या परवाना कचेरीच्या, रांगेत तोच तिच्यासोबत उभा राहिला. प्रत्येक दिवा, प्रत्येक फिल्टर त्यानंच तिला समजावला. दोन वर्षांपूर्वी त्याच्या मोजमापांत चुका निघाल्या. खरं तर त्या दोघांच्या प्रोफेसरांनी केलेल्या घाईमुळे झाल्या होत्या. प्रोफेसरांनी राजीनाम्याचा कागद विभावरीच्या हाती दिला. "तुझं ऐकेल तो." सिद्धेशविरुद्धचं तक्रारपत्र फॅकल्टीकडे आधीच गेलेलं होतं. त्याची प्रत तिनं त्यांच्या टेबलावर पाहिली होती. तरी ती सिद्धेशच्या खोलीवर जाऊन म्हणाली, "सही करून टाक. विषय इथेच मिटेल, तुला काही होणार नाही."

त्यानं सही केली. त्या तक्रारपत्रामुळे दुसरं कुठलंच विद्यापीठ त्याला घेईना. तीन महिन्यांत व्हिसा संपला आणि तो परत गेला. त्याचा प्रकल्प विभावरीला मिळाला.

त्या पानानंतर तिला अंधाऱ्या खोलीत एकटीनं बसवेना. मागे दाराशी कोणीतरी उभं आहे, काही विचारणार आहे, असं वाटे. ती दिवे लावी. कोणी नसे. दिवे मालवले की पुन्हा तेच. तिनं खुर्ची फिरवून पाठ भिंतीला लावली, तर तो कोणीतरी समोरच उभा राहिल्यासारखा वाटू लागला.

"त्यानं हे लिहिलं तरी का?" तिनं फ्राउ लिंडनरना विचारलं.

"कोण जाणे. खरवडलंही त्यानंच असावं. बघ ना, एका जागी सुरी जवळजवळ आरपार गेली आहे."

"कुठे?"

"'ठाऊक होतं' यावर."

त्या रविवारी सकाळी विभावरीनं सांगलीला फोन लावला. सिद्धेशनंच उचलला.

"सिद्धेश, मी कागद घेऊन आले ना, त्याच्या आधीच तक्रार गेली होती. मला माहीत होतं."

"मला तेव्हाच कळलं होतं," तो म्हणाला. "मी चहा ठेवला होता. तू न पिताच उठलीस."

"मग सही का केलीस?"

"तू सांगत होतीस म्हणून." मग त्यानं विचारलं, "हे लिहून देशील?"

तिनं लिहून दिलं, फॅकल्टीला, सगळं, स्वतःच्या नावानिशी. प्रोफेसरांनी तिच्याशी बोलणं बंद केलं. मार्चमध्ये संपलेला तिचा करार पुढे वाढवला गेला नाही. थीसिस अर्धवट टाकून ती ड्रेस्डेनच्या एका छोट्या कंपनीत लेन्स तपासायच्या कामाला लागली. वर्षभरानं फॅकल्टीनं सिद्धेशवरचा ठपका मागे घेतला. तोवर तो मिरजेच्या एका कॉलेजात शिकवू लागला होता. ठपका मागे घेतल्याचं पत्र स्कॅन करून त्यानं तिला ईमेलनं पाठवलं. सोबत एक शब्दही नव्हता. तिनं उत्तर लिहायला घेतलं, पुसलं, पुन्हा घेतलं, आणि शेवटी 'मिळालं' एवढंच पाठवलं.