झोपेचा जबाब

तिनं दार इतक्या हळू लावलं की टेबलापलीकडच्या चौकशी अधिकाऱ्याला ती आत आल्याचं कळलंच नाही. तो फायलीत डोकं घालून बसला होता. शेजारचा कारकून बोटं मोडत होता. ती पिशवी पोटाशी धरून थोडा वेळ उभी राहिली आणि कुणीच वर बघेना तेव्हा अगदी बारीक खोकली.

दोघंही दचकले.

"केव्हा आलात?"

"आत्ताच."

"कमाल आहे," कारकून दाराकडे बघत म्हणाला. "आमच्या हातात हे दार किंचाळतं."

कुठलं दार कुठे उचलून धरायचं हे तिला बिजागरीकडे पाहूनच समजे. बावीस वर्षांची विद्या होती ती. मालगाडीच्या ड्रायव्हरचं घर म्हणजे भर दिवसा रात्र करायची. तो रात्रभर इंजिन चालवून सकाळी यायचा, जेवून आतल्या खोलीत आडवा व्हायचा आणि संध्याकाळी पुन्हा बोलावणं यायचं. त्या मधल्या तासांची राखण हिच्याकडे. कुकर दुपारी लावायचा नाही. दाराच्या घंटेच्या पोटात चिंधी कोंबलेली. चटणी वाटायची तर मिक्सर घेऊन शेजारणीकडे जायचं. शिंक आली तर उशीत तोंड खुपसायचं. मुलगीसुद्धा पाढे ओठांतल्या ओठांत शिकली, आणि शाळेत बाईंना वाटलं, हिला येतच नाहीत. क्वार्टरमधल्या पोरांनी तिचं नाव हळूबाई ठेवलं, मग त्यांच्या आयांनीही तेच उचललं. नवरा खुशीत असला की तोही म्हणायचा, "हळूबाई, चहा टाका."

एकवीस दिवसांपूर्वी, सकाळी पावणेसातला, कोळशानं भरलेली त्याची गाडी लाल सिग्नल ओलांडून गेली आणि पुढे उभ्या असलेल्या सिमेंटच्या मालगाडीवर मागून आदळली. त्या गाडीचा गार्ड खाली उतरून काहीतरी तपासत होता, म्हणून वाचला. हिचा नवरा गेला. इंजिनात त्याच्या शेजारी बसलेला सहायक ड्रायव्हर वाचला. तो आत्ता बाहेरच्या बाकावर बसला होता, हात गळ्यात बांधून, तिच्या सासूच्या शेजारी.

"बसा," अधिकारी म्हणाला. त्याचा आवाज थकलेला होता, पण वाईट नव्हता. "इंजिनातला नियम तुम्हाला माहीत असेल. समोर सिग्नल दिसला की दोघांनी त्याच्याकडे हात करून रंग मोठ्यानं म्हणायचा. एकानं म्हणायचा, दुसऱ्यानं उत्तर द्यायचं."

"माहीत आहे. कधीकधी रस्त्यानं चालतानाही म्हणायचे."

"सहायकाचं म्हणणं असं की तो 'लाल' म्हणाला, आणि तुमचे मिस्टरही 'लाल' म्हणाले. स्पष्ट. म्हणून त्याला वाटलं, ते आता ब्रेक लावतायत. मग बघतो तर यांचे हात मांडीवर आणि डोळे समोर. त्यानं स्वतः ब्रेक ओढला, पण तोवर उशीर झाला होता."

भरलेली मालगाडी थांबायला किलोमीटरभर अंतर लागतं, हे तिला ठाऊक होतं. आणि शेजारच्याच्या एका शब्दावर विसंबून अर्धं मिनिट गेलं, तरी गाडी वेळेत थांबत नाही.

"आता आमच्यातले काही म्हणतात, झोपलेला माणूस उत्तर कसा देईल? सव्वीस वर्षांत यांच्या नावावर एक डाग नाही. तेव्हा झोपला असेल तो सहायकच, आणि आता गेलेल्या माणसावर ढकलतोय." त्यानं चष्मा काढला. "म्हणून एवढंच विचारायचंय. कागदावर त्यांना आदल्या दिवशी सोळा तासांची विश्रांती दिसते. दुपारी ते झोपले होते का?"

उत्तर तयार होतं. गेले वीस दिवस भांडी घासताना ती ते घोकत होती. झोपले होते, एक ते सहा, दार बंद होतं.

दार बंद होतं हे खरंच. पण दोनच्या सुमाराला वाळलेले कपडे घेऊन जाताना तिनं फटीतून पाहिलं होतं. आतल्या खोलीत त्याचं अंथरूण रिकामं, पलीकडे सासूचा पलंग, आणि पलंगाच्या पायथ्याशी नवरा मांडी घालून बसलेला. म्हातारी हातवारे करून काहीतरी सांगत होती आणि तो तोंडावर हात दाबून हसत होता. दारावर टकटक करायला तिनं बोट उचललं, आणि पुन्हा मागं घेतलं. माणूस वर्षाकाठी हसतो तरी किती! हसू दे, दहा मिनिटांनी झोपेल. साडेचारला पुन्हा पाहिलं तेव्हाही तो तिथंच होता.

त्या दुपारबद्दल सासू तेव्हापासून अवाक्षर बोलली नव्हती. मुलाला आपणच जागं ठेवलं, हे म्हातारीच्या लक्षात आलेलं नसावं. आणि येऊ द्यायचं नाही, एवढंच आता हिच्या हातात होतं.

पण काल सहायक घरी आला होता. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. "वहिनी, मी काही मागायला आलो नाही. दादांना बोल लागेल असं माझ्या तोंडून निघतंय, ते तुम्हाला कुणी परस्पर सांगण्याआधी मीच सांगावं म्हणून आलो," एवढं बोलून तो पाणीही न पिता गेला. उतरताना एका हातानं कठडा धरून एकेक पायरी उतरत होता. दोन पोरी होत्या त्याला.

"नाही झोपले," ती म्हणाली.

कारकुनाची बोटं थांबली.

"का?"

"भांडण झालं आमचं."

"कशावरून?"

हे घोकलेलं नव्हतं. समोर खिडकी होती.

"पडद्यांवरून."

"पडद्यांवरून?"

"जाड घ्यायचे होते. त्यांनी आणले नाहीत. मी खूप ओरडले त्यांना."

कारकुनानं एकदा दाराकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"किती वेळ चाललं हे?"

"पाच तास."

"पाच तास? पडद्यांवरून?"

"मग मागचंही निघालं," ती म्हणाली.

अधिकाऱ्यानं तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग हातानं खूण केली आणि कारकून लिहू लागला. जबाब झाला की तो वाचून दाखवायचा असतो. कारकुनानं उभं राहून, फलाटावर सूचना द्यावी तशा आवाजात वाचायला घेतलं, "सदर दुपारी माझे व मयत पती यांचे घरगुती कारणावरून कडाक्याचे भांडण होऊन मी त्यांना मोठमोठ्याने..."

दार किंचाळलं. सासू आत आली होती.

"भांडण? हिचं?"

"आजी, तुम्ही बाहेर बसा."

"बसलेच होते. तुमचा माणूस वाचतोच असा की बाहेर कुणी बसायची सोय नाही." ती काठी टेकत टेबलापर्यंत आली. "साहेब, हिला ओरडता येत नाही. बाळंतपणातसुद्धा ओरडली नाही. नर्सबाई म्हणाल्या, कळा सुरू झाल्या की सांगा. तोवर पोर बाहेर."

"आई, चला तुम्ही. मी येतेच."

"थांब गं. साहेब, तो माझ्याजवळ बसला होता त्या दुपारी. लिहा."

"त्यांच्यामुळे नाही हो," ती घाईनं अधिकाऱ्याला म्हणाली. आज पहिल्यांदा तिचा आवाज चढला. "त्या उगाच स्वतःवर घेतायत. वय झालंय त्यांचं."

"माझ्यामुळे कशाला?" सासू म्हणाली. "तो झोपतच नव्हता."

अधिकाऱ्यानं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. सासू सांगतच होती.

"थंडीत त्या फाटकापाशी ती बाई आली ना त्याच्या गाडीखाली, तेव्हापासून. दुपारी डोळे मिटले की ती दिसते म्हणायचा. मग यायचा माझ्या पायथ्याशी. मी आपली काहीबाही सांगायची, त्याच्या लहानपणीचं. रात्री गाडीवर बरं असतं म्हणायचा, डोळे उघडे ठेवायचे असतात."

अधिकाऱ्यानं फाईल मागं उलटली. एका पानावर बोट ठेवून थांबला. "तीन दिवस सुट्टी दिलेली दिसते," तो म्हणाला. मग जणू स्वतःलाच, "नंतर कामावर हजर." आणि थोड्या वेळानं विचारलं, "त्यांनी कळवलं का नाही कुणाला?"

"गाडीवरून उतरवतील म्हणाला. आणि उतरवून बसवणार कुठं? फायली पुसायला?" सासूनं कारकुनाकडे पाहिलं. "राग मानू नका हो."

"नाही, नाही," कारकून म्हणाला.

"आणखी एक लिहा. माझा मुलगा झोपेत बोलतो. काही विचारलं की उत्तर देतो, अगदी शुद्धीतल्यासारखं. शाळेत होता तेव्हा मध्येच पाढा विचारायचे मी गंमत म्हणून. सरळ म्हणून दाखवायचा, आणि सकाळी पत्ता नाही. बाहेर बसलाय तो खोटं बोलत नाही. हिलाही माहीत आहे. विचारा हिला."

अधिकाऱ्यानं विचारलं नाही, नुसतं पाहिलं. तिनं मान हलवली. माहीत होतं. बावीस वर्षांत कितीतरी वेळा तिनं अंधारात त्याला विचारलं होतं, पाणी हवं का, आणि तो 'नको' म्हणाला होता.

"मला का नाही सांगितलंत, आई?"

"शपथ घातली होती त्यानं."

"तरी."

म्हातारीनं काठीवर दोन्ही हात ठेवले. "तू बाहेर सगळं घर मुठीत धरून बसायचीस. भाजीवाल्याशी खुणांनी बोलायचीस. तो म्हणायचा, तिला कसं सांगू, की तिच्या एवढ्या जपण्याचा काही उपयोग होत नाही म्हणून. तू उठवायला यायचीस ना, त्याच्या जरा आधी जाऊन पडायचा. चादर ओढून."

रोज सहाला ती आत जाई, खांद्याला हात लावी. तो डोळे चोळत उठे आणि म्हणे, मस्त लागली होती झोप. एकदाही चुकला नव्हता. ती त्या वाक्यावर दिवस काढी.

अधिकाऱ्यानं आधीचा कागद तिच्यापुढे सरकवला. कारकुनानं पडद्यांवरून झालेल्या भांडणावर आडवी रेघ मारली होती. "खोडलंय तिथं सही लागेल," तो आता हळू बोलत होता. तिनं सही केली. मग त्यानं कोरा कागद घेतला, उठून सासूला स्वतःची खुर्ची दिली, आणि उभ्यानं लिहायच्या तयारीत राहिला.

"तुम्ही बाहेर थांबलात तरी चालेल," अधिकारी तिला म्हणाला. "आजींचा जबाब होईस्तोवर."

ती उठली नाही. सासूकडे वळून बसली.

"कशी दिसायची ती बाई त्यांना?"

कारकुनाचं पेन कागदाला टेकलं. अधिकाऱ्यानं हात आडवा करून त्याला थांबवलं.

"पाठमोरी," सासू म्हणाली. "नुसती पाठ. एकदा तोंड दिसलं असतं तर झोप लागली असती म्हणायचा."